खा, पण बिगर

साउथ फिलाडेल्फिया,
सप्टेंबरचा दुसरा रविवार, दुपारचे तीन

तीर्थरूप असुंताताईस,

धाकट्या दोनातोकडून दोन्ही गालांवर एकेक मुका आणि कपाळावर एक जास्तीचा (तो तुझ्या भावजयीकडून, लोरेटाचे हात साबणात आहेत म्हणून तिच्या वतीनं मीच देतो आहे). तुझी प्रकृती बरी असेल, समुद्र जागच्या जागी असेल आणि शेजारणीचं ते म्हातारं कुत्रं अजून तुझ्याच पायरीवर झोपत असेल, असं धरून चालतो. इकडे आम्ही दोघं ठीक आहोत. 'ठीक' हा शब्द मी विचार करून लिहिला आहे, कारण तो लिहायची परवानगी मला परवाच्या गुरुवारी मिळाली. ती कशी मिळाली हे सांगायला हे पत्र. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू मला तिसऱ्या वाक्याला अडवतेस आणि मुद्द्यावर ये म्हणतेस, आणि मुद्द्यावर आलो की माझ्याजवळ बोलायला काही उरतच नाही. पत्राला असं अडवता येत नाही. लांब वाटलं तर दोन बैठकांत वाच, मध्ये कॉफी घे.

मार्चमध्ये मला साखर निघाली हे तुला ठाऊक आहेच. (दुसऱ्यांच्या घराण्यात वारसाहक्कानं जमिनी येतात, आपल्यात ही येते.) डॉक्टर लिंडक्विस्ट म्हणून एक बाई आहेत, वयानं लहान, मूळच्या मिनेसोटाच्या. तिकडची माणसं बोलताना हात हलवत नाहीत, आवाज चढवत नाहीत, त्यामुळे बाई बोलताहेत की नुसता श्वास घेताहेत हे मला पटकन कळत नाही. त्यांनी कागदावर साखरेचा आठ पूर्णांक चार असा आकडा लिहिला, त्याच्याभोवती गोल काढला आणि म्हणाल्या, तीन महिन्यांत हा खाली आला नाही तर इन्सुलिनची सुई, रोज, पोटात. सुई म्हटल्याबरोबर माझ्या डोळ्यांसमोर बाबा उभे राहिले. बंदरावरून येऊन दारात बूट काढणारे बाबा, मोजा लाल झालेला, आणि बुटाच्या तळातून वर आलेला तो खिळा. दिवसभर त्या खिळ्यावर उभं राहून त्यांनी पेट्या उचलल्या होत्या आणि त्यांना कळलंच नव्हतं. तू तेव्हा अकरा वर्षांची होतीस, मी सात. आईनं काही न बोलता मोजा धुवायला टाकला, आपण दोघंही काही बोललो नाही, आणि पुढच्या ईस्टरला बाबांना तो पाय नव्हता.

मी खिडकीबाहेर बघत राहिलो. दवाखान्यासमोर एका बेकरीची मागची बाजू आहे. तिच्या धुराड्यातून पांढरी वाफ सावकाश वर जात होती आणि दोन कबुतरं त्या वाफेत पोट शेकत बसली होती. पांढरं, कोमट आणि हळूहळू वर जाणारं काही दिसलं की मी जागेवर राहत नाही, हे तू माझ्या लहानपणापासून बघते आहेस (त्या नादात माझा पहिला कम्युनियन हुकता हुकता राहिला, मेणबत्तीच्या धुराकडे बघत होतो). बाई दहा मिनिटं बोलत होत्या. ती सगळी दहा मिनिटं पाव या एकाच विषयावर त्या बोलल्या, हे मला फार उशिरा कळलं. मी त्या वाफेतून परत आलो तेव्हा त्या दारात उभ्या होत्या, निरोपाचा हात पुढे करून. मी घाबरत घाबरत विचारलं, "म्हणजे आता स्टेक बंद?" तर त्या हसल्या. "नाही हो, मिस्टर साबातेला. मांस खा, चीज खा. खा, पण बिगर."

आता तूच सांग. जो माणूस एक्केचाळीस वर्षं कोपऱ्यावरच्या दुकानात त्या तव्यामागे उभा राहिला, दोन्ही हातांत दोन उलथनी घेऊन बीफचे पातळ काप परतत राहिला, वर चीज वितळवून लांब पावात भरून ते स्टेक खिडकीतून देत राहिला, त्याला 'बिगर' म्हटल्यावर काय ऐकू येणार? आपल्या गल्लीत 'सकट' म्हणजे कांद्यासकट आणि 'बिगर' म्हणजे कांद्याबिगर, हे मुलाला बाप्तिस्म्याचं पाणी वाळायच्या आत कळतं. एक प्रोव्होलोन सकट. दोन पिवळं बिगर. आधी चीज सांगायचं, मग कांद्याचा निकाल, की झाला पुढच्याचा नंबर. खिडकीशी येऊन 'मला जरा कांदा न घालता मिळेल का हो' असं अख्खं वाक्य बोलणाऱ्याला आम्ही सरळ रांगेच्या शेवटी पाठवायचो. म्हणून डॉक्टरीणबाईंच्या तोंडून तो एकच शब्द, इतका नेमका, ऐकल्यावर मला भरूनच आलं. परगावची पोर, पण आपली बोली शिकली! मी तिचा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणालो, बिगर तर बिगर.

तीन महिने, ताई. तीन महिने मी कांद्याला शिवलो नाही. लेंटच्या उपासांत गोड सोडणं वेगळं, त्याच्या शेवटी ईस्टर असतो हे माहीत असतं. इथे शेवटच दिसत नव्हता. दुकानात असताना सकाळी तवा तापला की मी सगळ्यात आधी कांदा टाकायचो, गिऱ्हाईक यायच्या कितीतरी आधी. पहिल्यांदा तो चिडतो, मग ओला होतो, मग त्याचा पांढरा रंग जाऊन काचेसारखा होतो, आणि मग अशी एक वेळ येते की तो सोनेरी व्हायला लागतो आणि बाहेरचा रस्ता, बसथांबा, शाळेला जाणारी पोरं, सगळंच थोडं सोनेरी दिसायला लागतं. ती दहा मिनिटं माझी होती. चार दशकं मी त्या दहा मिनिटांसाठी कामावर गेलो असं म्हटलं तरी चालेल. ते सगळं सोडून मी घराच्या पायऱ्यांवर बसायचो, माझं बिगरचं स्टेक मांडीवर घेऊन. भिंतीपलीकडचा चिकी (पन्नास वर्षांचा शेजार, तू ओळखतेसच, तुला तो अजून असुंतारानी म्हणतो) म्हणाला, "दोनातो, तू आता संतपदाला पोचल्यात जमा आहेस. फक्त पोट तेवढं मागे राहिलंय."

त्या पोटाचंही कारण होतं. कांदा गेल्यानं स्टेकमध्ये जी पोकळी झाली ती कशानं तरी भरायला हवी होती, ती मी पावानं भरली. आधी एक पाव, मग दीड, मे महिन्यात दोन. वरून कडक, दाबला की कुरकुरणारा, आत ढगासारखा, सकाळी आणलेला आणि अजून पिशवीत घाम फुटलेला. मला त्याची दया यायची. म्हटलं, आधीच बिचाऱ्याचा जोडीदार गेलेला आहे, त्याला एकटं पाडू नये.

जूनमध्ये आकडा आठ पूर्णांक नऊ आला. या खेपेला लोरेटा बरोबर होती. बाईंनी कागद उलटसुलट करून बघितला आणि फार हळू आवाजात विचारलं, "मिस्टर साबातेला, मी सांगितलं ते पाळलंत ना?"

"अक्षरशः," मी म्हणालो. "बिगर म्हणजे बिगर. एकदाही सकट नाही. विचारा हिला."

"पाळलं हो," लोरेटा म्हणाली. "रोज दोन खातो, पण दोन्ही बिगर."

"दोन काय?"

"स्टेक."

"म्हणजे नुसतं मांस आणि चीज?"

"नुसतं कसं असेल? पावात!" लोरेटाला बाईंची कीव आली असावी. "पाव नको का? हातात धरायचं कशानं?"

मला समोरच्या बेकरीतलं पीठ मळायचं यंत्र ऐकू आलं. मग बाईंनी विचारलं, बिगर म्हणजे तुमच्या मते कशाबिगर, आणि आम्ही दोघांनी चर्चमध्ये 'आमेन' म्हणतात तसं एका सुरात सांगितलं, कांद्याबिगर. बाईंनी पेन खाली ठेवलं. आयुष्यात पहिल्यांदाच असेल, पण त्यांनी हात हलवला. "कांद्यानं काय होतंय? कांदा खा की हवा तेवढा! मी पावाचं म्हणत होते. पाव, मिस्टर साबातेला, पाव!"

घरी येताना लोरेटा बसमध्ये हसली. अशी हसली की ड्रायव्हरनं आरशातून बघितलं, आणि पुढच्या बाकावरच्या नन बाईंना काय झालं ते माहीत नसतानाही हसू आलं. मग ब्रॉड स्ट्रीट आला तशी ती थांबली, डोळे पुसले, आणि खिडकीकडे तोंड करून म्हणाली, "तीन महिने फुकट गेले, दोनातो. बाईंनी अजून तीन दिलेत. आता तरी जागेवर राहून ऐक. आणि एक आत्ताच सांगून ठेवते, मी सासूबाईंसारखी गप्प राहून मोजे धुणार नाही." हसता हसता ती इतकी घाबरलेली आहे हे मला माहीतच नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून घरात पाव बंद झाला. बंद म्हणजे कपाटात नाही, टेबलावर नाही, बोलण्यातही नाही. पण सकाळी साडेसहाला कोपऱ्यावरच्या बेकरीचा वास वरच्या खिडकीतून आत येतो, त्याला कोण अडवणार? मी डोळे मिटून पडून राहायचो आणि तो वास अंगावर पांघरून घ्यायचो. एकदा दुपारी आरामखुर्चीत डोळा लागला तर स्वप्नात मी एका लांब पावाच्या आत झोपलो होतो. दोन्ही बाजूंनी मऊ, उबदार, आणि वरून आई चीजची पातळ चादर घालते आहे, गळ्यापर्यंत ओढून नीट खोचते आहे. ती म्हणाली, झोप बाळा, आज रविवार आहे. मला इतकं बरं वाटलं की जागा झाल्यावर मी थोडा वेळ लोरेटाशी बोललो नाही, जणू तिनंच मला त्यातून बाहेर काढलं होतं.

आणि मग ती केस कापायला गेली आणि तिथल्या मासिकातून एक पान फाडून घेऊन आली. ढोबळ्या मिरच्या, आत स्टेक आणि चीज, लो-कार्ब. शेजारी एक फोटो, त्यात मिरचीपेक्षा जास्त दात असलेली एक बाई. मला ती थट्टाच वाटली. मिरचीचं मला वावडं नाही, पण भरली मिरची म्हणजे आईची: आत भात, पावाचा चुरा, थोडं मांस, आणि रविवारच्या लाल ग्रेव्हीत तास दोन तास सावकाश बुडून राहिलेली. (ते सगळंच आता बंद. बाईंच्या मनाईच्या कागदातून आईच्या मिरचीतलं मांस सोडून एकही माणूस वाचलेलं नाही.) स्टेक ही रस्त्यावर उभं राहून, पुढे वाकून, शर्ट वाचवत खायची गोष्ट. तिला ताटात, काट्याचमच्यानं, मिरचीच्या पोटात खायचं म्हणजे फुटबॉलचा सामना सोफ्यावर कोट घालून बघण्यासारखं. पण लोरेटानं ते पान फ्रिजला चिकटवलं आणि बाबांचा फोटो त्याच्या शेजारी लावला.

तेव्हा मी म्हटलं, करायचंच तर मी करणार. नाइन्थ स्ट्रीटच्या बाजारात गेलो आणि तळाला चार उंचवटे असलेल्या मिरच्या निवडायला लागलो, कारण तीन उंचवट्यांची नीट उभी राहत नाही, कलते. एकेक मिरची फळीवर उभी करून, थोडं मागे सरून बघत होतो. हिरव्या, लाल, एक पिवळी. उन्हात त्या रंगीत काचेच्या दिव्यांसारख्या दिसत होत्या आणि मला तिथे किती वेळ झाला कुणास ठाऊक, शेवटी भाजीवाला ओरडला, "ओ काका, मिरची न्यायचीय की मुलगी बघायला आलायत? पसंत असेल तर सांगा, माझी फळी मोकळी करा!" मी घाईघाईनं सहा घेतल्या, आणि गडबडीत त्यातल्या दोघी तीन उंचवट्यांच्याच निघाल्या.

पुढचं मांसाचं. दुकानात आमच्याकडे काप करायचं यंत्र होतं, घरी सुरी. बरगडीचं मांस अर्धं गोठवलं तर कागदासारखं पातळ कापता येतं हे मी हजार वेळा लोकांना सांगितलं आहे. म्हणून वीस मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवलं आणि वीस मिनिटं मोजायला म्हणून खिडकीशी बसलो. समोरच्या गच्चीवर कुणीतरी पांढऱ्या चादरी वाळत घातल्या होत्या. पुढे काय झालं ते तुला सांगायला नको. दोन तासांनी लोरेटानं फ्रीझर उघडला तेव्हा आत जे होतं त्यानं घराचा पाया भरता आला असता. ते दार उघडं अडवून धरायला उपयोगी पडेल असं ती म्हणाली.

संध्याकाळी ते जरा नरमल्यावर कापलं आणि मोठ्या पॅनमध्ये टाकलं. तो पहिला आवाज झाला, तो 'चर्र', आणि ताई, माझे हात आपोआप उठले. दोन उलथनी, डावं उजवं, डावं उजवं, कापत, उलटत, पसरत, आणि मी घरात नव्हतोच, मी माझ्या खिडकीत होतो, बाहेर रांग कोपरा वळून गेलेली, पाऊस थांबून रस्ता चमकतो आहे, आणि सगळे माझीच वाट बघत आहेत. पलीकडून चिकीनं भिंत ठोकली. "दोनातो! सुतारकाम काढलंयस का आत? माझ्या भिंतीवरचा संत अँथनी डुलायला लागलाय!" मी खाली बघितलं तर पॅनचा दांडा निखळला होता आणि निम्मं मांस शेगडीमागे गेलं होतं.

उरलेलं मी मिरच्यांत भरलं. वरची टोपी कापून, बिया काढून, कच्च्याच मिरच्यांत, आईच्या पद्धतीनं उभ्या. वर चीज. आईच्या ग्रेव्हीत मिरचीला पाणी सुटलं तर कुणाच्या लक्षातही येत नसे, कोरड्या भट्टीत मात्र तिनं सगळं पाणी स्वतःच्याच पोटात साठवलं. बाहेर काढल्या तेव्हा चार मिरच्यांत सूप होतं आणि त्यावर चीज साय धरून तरंगत होतं. तीन उंचवट्यांच्या दोघी एकमेकींच्या अंगावर पडून सांडल्या होत्या. चिकीला एक चाखायला दिली. त्यानं पायरीवर बसून चमच्यानं सगळं संपवलं, तोंड पुसलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "झकास आहे. पाव कुठंय?"

ताई, त्या रात्री मला रडू आलं असतं तर आश्चर्य नव्हतं, पण आलं ते दुसऱ्या दिवशी, आणि तेही कांदा चिरताना. तीन महिन्यांनी हातात घेतलेला पहिला कांदा. डॉक्टरीणबाईंनी सोडवलेला. मी तो इतका बारीक आणि इतका सावकाश चिरला की लोरेटानं येऊन विचारलं, काय झालं. मी म्हटलं, कांदा लागला डोळ्यांना. तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि उभी राहिली. तिला माहीत होतं मी कशाला घाबरतो आहे, आणि मला माहीत होतं तिला माहीत आहे.

या खेपेला नव्या सहा मिरच्या आणून, उभ्या चिरून त्यांच्या होड्या केल्या. आधी रिकाम्याच, पालथ्या घालून पंधरा मिनिटं भट्टीत, म्हणजे सुटायचं ते पाणी सुटून जातं. मग सुलट्या करून तळाशी प्रोव्होलोनची एक चकती, म्हणजे राहिलेलं पाणी वर यायला बंदी. मग मांस, मशरूम आणि सोनेरी कांदा, आणि सगळ्यावर परत प्रोव्होलोन. भट्टीसमोर खुर्ची टाकून मी बसलो. काचेपलीकडे पिवळा उजेड, त्यात त्या बारा होड्या शांत उभ्या, चीज कडांवरून आधी घाम आल्यासारखं, मग भरती आल्यासारखं सावकाश चढत होतं. घर कांद्याच्या वासानं भरलं. मला वाटलं, त्या सगळ्या आत्ता हळूच हलतील आणि एकामागून एक निघून जातील, खाली तुझ्याकडे, किनाऱ्याला. या वेळी लोरेटाही खुर्ची घेऊन शेजारी बसली, आणि वीस मिनिटं आम्ही दोघांनी काहीच केलं नाही. लग्नाला त्रेचाळीस वर्षं झाली पण इतकं निवांत आम्ही कधी बसलो होतो, आठवत नाही.

चव काय सांगू. पहिला घास घेतला तेव्हा जीभ पाव शोधत होती. दुसऱ्यालाही शोधत होती. तिसऱ्या घासाला ती थकली आणि मिरचीचा गोडसरपणा तिच्या लक्षात आला. तेव्हापासून आठवड्यातून चारदा तेच. जून, जुलै, ऑगस्ट (तुझ्याकडे आलो ते दोन दिवस सोडून). पायऱ्यांवरची मंडळी आधी हसली, आता ताटल्या घेऊन येतात, आणि दर खेपेला चिकी सगळं संपवून विचारतो की पाव कुठंय.

गुरुवारी आकडा आला सहा पूर्णांक आठ. सुई नाही. बाईंनी माझे बूट आणि मोजे काढायला लावले, एक बारीकसा दोरा तळपायाला ठिकठिकाणी टेकवला, आणि दर खेपेला मला तो कळला. दर खेपेला! मी डोळे मिटून 'हो', 'हो', 'हो' म्हणत होतो आणि बाई हसत होत्या, आणि मी या वेळी पूर्ण दहाच्या दहा मिनिटं त्या खोलीतच होतो. निघताना त्यांनी विचारलं, घरात आणखी कुणाला आहे का. मी त्यांच्याशी काय बोललो ते पुढे लिहितो.

बाकी सर्व क्षेम. तुझ्या समुद्राला आणि त्या कुत्र्याला माझा सलाम सांग. मिरच्यांची कृती वेगळ्या कागदावर लिहिली आहे. चीज तळाशी आधी, विसरू नकोस.

दहा मिनिटांसाठी का होईना, पण आता ऐकणारा एकुलता एक भाऊ,
दोनातो

ता. क. (लोरेटाच्या हातचं) असुंताताई, वरचं मी वाचलं. कांद्याला तीन महिने शिवला नाही हे साफ खोटं आहे. दर शुक्रवारी चिकीकडे पत्ते खेळायला जायचा आणि तिथे वाटीभर परतलेला कांदा नुसता खाऊन यायचा. येताना पुदिन्याच्या गोळ्या चघळत यायचा, म्हणजे मला वास येणार नाही. त्रेचाळीस वर्षं मी त्याच्या शर्टातून कांदा धुते आहे. शिवाय ती दुसऱ्या दिवशीची मिरच्यांची पद्धत त्या मासिकातच छापली होती, त्यानं पहिल्यांदा वाचली नाही इतकंच. तळपायाच्या दोऱ्याचं मात्र खरं आहे. मी तिथे होते.

ता. क. दुसरा. लोरेटा पाकीट शोधायला वर गेली आहे, तोवर लिहितो. मिरच्यांसाठी हे पत्र लिहिलेलं नाही, ताई. ऑगस्टमध्ये आम्ही आलो होतो, तेव्हा भर दुपारी आपण सगळे पाण्याकडे निघालो. वाळू इतकी तापली होती की मी आणि लोरेटा टॉवेलवरून टॉवेलवर उड्या मारत गेलो. तू हातात चपला घेऊन, अनवाणी, गप्पा मारत, सावकाश चालत गेलीस, आणि वळून आम्हाला म्हणालीस, शहरात राहून किती नाजूक झालात रे. आम्ही हसलो. मी घरी येईपर्यंत हसत होतो. बाईंनी विचारलं तेव्हा मी हे सांगितलं, आणि त्या हसल्या नाहीत. आईसारखं गप्प राहायचं नाही असं मी ठरवलं आहे, म्हणून तुला न विचारता बाईंकडे तुझ्या नावानं वेळ घेतली. येता नव्हे, त्यापुढचा मंगळवार, सव्वादहा. आदल्या दिवशी, सोमवारी ये, गाडी चालवत नको, बसनं ये, चिकी आणि मी थांब्यावर उभे असू. तू येणार नाहीस हे मला ठाऊक होतं. म्हणून दवाखान्यातल्या वेळा देणाऱ्या मुलीनं तुझं वय विचारलं तेव्हा (तू बहात्तरही कुणाला कबूल करत नाहीस) मी एक्याऐंशी सांगून टाकलं. तिनं ते तुझ्या नावापुढे लिहून घेतलं आहे. फोनवर ते दुरुस्त होत नाही, स्वतः कागदपत्रं घेऊन समोर यावं लागतं, असं ती म्हणाली. मी खात्रीसाठी दोनदा विचारून घेतलं.